काट्यावर बत्तीस क्विंटल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, दिवाळीनंतर अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या सुरू होतात. समजा, एक गाडी काट्यावर आली. ढीग पाहून जाणता माणूस म्हणतो, पाचेक क्विंटल असेल. काटा मात्र बत्तीस दाखवतो. व्यापारी काय करील? आधी काटा तपासेल, मग कापसात हात घालून पाहील. विश्वाच्या बाबतीत शास्त्रज्ञांची गेली नव्वद वर्षे हीच अवस्था आहे.

तारे, ग्रह, वायू, तुम्ही-आम्ही असे सगळे धरून विश्वाच्या ऐवजात आपला वाटा जेमतेम ५ टक्के. २७ टक्के आहे तो कृष्णपदार्थ. उरलेले ६८ टक्के म्हणजे कृष्णऊर्जा, तिचा विषय आज नको.

हे वजन कळले कसे? ज्वारीच्या मचाणावरून गोफण फिरवणाऱ्याला विचारा. वेग वाढला की दोरीवर ताण वाढतो, दोरी कच्ची असेल तर तुटते आणि गोटा भलतीकडे जातो. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये एका दीर्घिकासमूहाकडे पाहिले, तेव्हा तिथल्या दीर्घिका इतक्या वेगाने धावत होत्या, की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाची दोरी त्यांना धरून ठेवूच शकली नसती. पण समूह तर शाबूत होता. झ्विकींचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे १९७०च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी एकेका दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग मोजले. काठावरचे तारे मंद असायला हवेत, तर तेही आतल्यांइतक्याच जोरात फिरत होते. मग मात्र ऐकावे लागले.

'कृष्णपदार्थ' हा शब्द कवी म्हणून मला आवडतो, पण तो फसवा आहे. काळी वस्तू प्रकाश अडवते. हा पदार्थ काहीच अडवत नाही, प्रकाश त्यातून आरपार जातो. काळा नव्हे, काचेहून स्वच्छ! फक्त त्याच्या वजनामुळे प्रकाशाची वाट किंचित वाकते. जुन्या वाड्याच्या खिडकीतल्या ओबडधोबड काचेतून समोरचे झाड वेडेवाकडे दिसते ना, तसे दूरच्या दीर्घिकांचे आकार जरासे ओढले जातात. ही ओढ मोजली, की काच कुठे जाड आणि कुठे पातळ आहे ते कळते.

हे मोजणाऱ्यांत पुण्याच्या 'आयुका'चे डॉ. सुऱ्हुद मोरे आहेत. हवाई बेटावरच्या सुबारू दुर्बिणीतून टिपलेल्या सुमारे अडीच कोटी दीर्घिकांच्या आकारांवरून एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२३ मध्ये कृष्णपदार्थाचा हिशेब मांडला, त्यात मोरे यांचा मोठा वाटा होता. प्रश्न होता गुठळ्यांचा. पिठले घोटताना कुठे गुठळी राहते, कुठे ते एकजीव होते. विश्वात हे प्रमाण किती? प्लँक उपग्रहाने विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश पाहून काढलेले भाकीत होते ०.८३च्या आसपास. सुबारूची मोजणी सांगत होती ०.७७च्या आसपास. म्हणजे पिठले अपेक्षेपेक्षा जास्त एकजीव! फरक लहान दिसतो. पण तो खरा ठरला तर कृष्णपदार्थाविषयीची किंवा कृष्णऊर्जेविषयीची आपली समजूत कुठेतरी अपुरी आहे. २०२५ मध्ये युरोपीय दुर्बिणीवरच्या दुसऱ्या एका पाहणीचे उत्तर आले. ते प्लँकच्या जवळ जाणारे निघाले.

आता कापसात हात घालण्याची गोष्ट. अमेरिकेत दक्षिण डाकोटातल्या एका जुन्या खाणीत, जमिनीखाली दीड किलोमीटरवर, १० टन द्रवरूप झेनॉनची टाकी ठेवली आहे. कृष्णपदार्थाचा एखादा कण झेनॉनच्या अणूला धडकला तर बारीकशी चमक उमटावी. २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केले, अशी चमक मिळालेली नाही. आणि काटाच खोटा असेल तर? गुरुत्वाकर्षणाचा नियमच दूरवर बदलत असावा, असे मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये सुचवले. बहुतेकांना ते पटत नाही, मात्र त्यावर आजही काम चालते. पटत नाही म्हणून कोणाला हाकलून द्यायचे नसते. १९८८ मध्ये 'आयुका' उभी करणारे जयंत नारळीकर स्वतः महास्फोटाचा सिद्धांत मानत नव्हते. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्याच संस्थेत आज महास्फोट धरून हिशेब मांडला जातो. मला हे फार मोलाचे वाटते.

'दिसत नाही, पण आहे' हे ऐकले, की आपल्याकडे दोन माणसे खूश होतात. एक म्हणतो, हे आमच्या पोथीत होतेच. दुसरा म्हणतो, आमच्या किताबात होते. त्यातला एक माझ्याच मोहल्ल्यातला असतो. दोघांनाही मी विचारतो, मग आकडा सांगा, ०.८३ की ०.७७? श्रद्धेला आकडा लागत नाही, आणि तिने तो मागूही नये. इथे मात्र आकडा चुकला तर सिद्धांत जातो.

चिलीमध्ये व्हेरा रुबिन यांच्याच नावाची नवी वेधशाळा उभी आहे. तिची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये आली. ती दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे, आणि या वेळी मोजायच्या दीर्घिका कोटींत नसतील, अब्जांत असतील.