ढग नेमका कुठे? रडारचे कान आणि अंशाचे गणित

गणपतीच्या मिरवणुकीत लालबागच्या एखाद्या गल्लीत डोळे मिटून उभे राहिले, तरी ढोल कोणत्या बाजूने येतो आहे हे कळते. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. रेडिओ लहरींची दिशा शोधणारी अनेक यंत्रेही हेच करतात. अडचण एवढीच, की त्यांचे ‘कान’, म्हणजे अँटेना, कधीच पूर्ण निर्दोष नसतात.

मुंबईसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या पावसाने सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद केली, तर कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. दोन्ही ठिकाणांत अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. डॉप्लर हवामान रडार तेव्हा शहरात नव्हते. आज हवामान विभागाचे एक रडार कुलाब्याला आहे, तर वेरावली येथील दुसऱ्याचे उद्घाटन जानेवारी २०२२ मध्ये झाले.

रडार लहरींचा स्पंद सोडते आणि पावसाच्या थेंबांवरून परतलेला प्रतिध्वनी ऐकते. परतायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते; दिशा मात्र अँटेना त्या क्षणी कुठे रोखलेली होती यावरूनच ठरते. येथे एका अंशाची चूक झाली, तर १०० किलोमीटरवरचा ढग पावणेदोन किलोमीटर बाजूला सरकलेला दिसतो. चूक वर-खाली झाली तर ढगाची उंची तेवढीच चुकते आणि पावसाचा अंदाजही बिघडू शकतो. काही किलोमीटर रुंदीच्या या शहरात सर समुद्रावर आहे की दादरवर, हा फरक किरकोळ नाही.

चुका अनेक वाटांनी शिरतात. तबकडीचा पाया किंचित कलतो, फिरवणाऱ्या दातेरी चाकांची झीज होते. शिवाय कोणतीही अँटेना फक्त समोरचेच ऐकत नाही. आजूबाजूचेही थोडे तिच्या कानावर पडते. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या परळ-लालबागच्या टोलेजंग इमारतींसारख्या अडथळ्यांवरून परतलेली लहर त्यामुळे भलत्याच दिशेची वाटू शकते.

तबकडीची दिशा तपासायला जगभर वापरला जाणारा एक सोपा मापदंड आहे: सूर्य. तो रेडिओ लहरीही सोडतो आणि कोणत्या क्षणी तो आकाशात कुठे असेल, हे गणिताने अचूक सांगता येते. सूर्याची लहर सर्वांत जोरात आली तेव्हा तबकडीचा कोन काय होता हे पाहायचे. गणिताचा कोन आणि तबकडीचा कोन यांतला फरक म्हणजे यंत्राची चूक. पुढच्या प्रत्येक मापनातून ती वजा करता येते.

तबकडी न फिरवता अनेक लहान अँटेनांच्या सपाट फळीने दिशा शोधणारी रडार अधिक चपळ, पण अधिक नाजूक असतात. लहरीची लांबी १० सेंटिमीटर आणि शेजारच्या दोन अँटेनांत ५ सेंटिमीटर अंतर धरले, तर समोरून एक अंश बाजूने आलेली लहर दुसऱ्या अँटेनाला गाठण्यासाठी एक मिलिमीटरही जास्त धावत नाही. म्हणजेच एखादी केबल तेवढीच लांब असली किंवा तापून तिच्यातील संकेत तेवढाच मागे पडला, तर या जोडीला खोटी दिशा दिसते. त्यातच शेजारचे अँटेना एकमेकांच्या लहरी उचलून पुन्हा फेकतात. म्हणून आधी ठाऊक दिशेने संकेत पाठवून प्रत्येक अँटेनाची खोड मोजतात आणि त्या नोंदी वापरून पुढचे गणित दुरुस्त करतात. उपकरण तापते, जुने होते. त्यामुळे ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

या विद्येशी मुंबईचे नाते जुने आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गोविंद स्वरूप यांच्या गटाने १९६०च्या दशकात कल्याणला ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. त्याच परंपरेतून पुढे नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ साकारली. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तेथेही निरीक्षणाच्या अधूनमधून तबकड्या ओळखीच्या तेजस्वी स्रोताकडे वळवून प्रत्येकीची चूक मोजली जाते.

आणखी एक युक्ती त्रिकोणाची. तीन अँटेनांच्या तीन जोड्यांतील लहरींचे फरक ओळीने मिळवले, की एकीची जी चूक एका जोडीत अधिक होते तीच दुसऱ्या जोडीत वजा होते आणि बेरजेतून नाहीशी होते. मात्र त्यातून स्रोताचा आकार उलगडतो; त्याची नेमकी जागा ठरवायला ओळखीचा स्रोत लागतोच.

आपला मेंदूही असाच शिकतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात चौघांच्या कानांच्या पाळ्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. आवाज वरून येतो की खालून, हे त्यांना सुरुवातीला कळेना. काही आठवड्यांत ते पुन्हा कळू लागले. कान तेच बदललेले होते, मेंदूने त्यांची खोड ओळखली होती. हिंदमाताला पाणी भरण्याआधी ढगाचा पत्ता बरोबर लागायचा, तर रडारलाही आपल्या खोडी अशाच ठाऊक असाव्या लागतात.