उपसर्गांचें सामर्थ्य

इंग्रजी शब्दांचे अर्थ घोकतां घोकतां पुष्कळ विद्यार्थी कंटाळून जातात, असें आम्ही वर्गांत वारंवार पाहतों. ह्या श्रमास एक सुलभ उपाय आहे. तो म्हणजे उपसर्गांची ओळख.

संस्कृतांत 'हृ' ह्या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्न अर्थांचे शब्द होतात. इंग्रजींतही तसेंच आहे. लॅटिन 'पोर्ट' ह्या धातूचा अर्थ वाहून नेणें. त्यापासून इंपोर्ट म्हणजे माल देशांत आणणें, एक्स्पोर्ट म्हणजे बाहेर पाठविणें आणि ट्रान्स्पोर्ट म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं नेणें.

नकारार्थी 'इन्' तर पुढील अक्षर पाहून वेष पालटतो. पॉसिबलपूर्वीं तो 'इम्', लीगलपूर्वीं 'इल्' व रेग्युलरपूर्वीं 'इर्' होतो. 'उत्' आणि 'लास' मिळून 'उल्लास' होतो हें ज्यास ठाऊक आहे, त्यास ह्याचें नवल वाटणार नाहीं. हा 'इन्' आणि आपला 'अ' किंवा 'अन्' हे एकाच कुळांतले होत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स यांनीं इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्यास प्रतिपादिलें होतें.

परंतु येथें सावध असावें. दुसरा एक 'इन्' आहे, त्याचा अर्थ 'आंत'. 'इन्फ्लेमेबल' शब्दांत हाच आहे. म्हणून त्याचा अर्थ 'न पेटणारा' नसून 'चटकन् पेट घेणारा' असा आहे. डब्यावरील हा शब्द उलट समजून कोणी जवळ दिवा नेला, तर प्राणावरच बेतावयाचें! ह्याच कारणास्तव असल्या डब्यांवर आतां बहुधा 'फ्लेमेबल' असें छापितात; अर्थ तोच. तसेंच 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे. आपल्या 'अमूल्य' शब्दाप्रमाणें, ज्याचें मोल करितां येत नाहीं असा.

म्हणून विद्यार्थ्यांनीं आधीं उपसर्ग वेगळा करावा, मग धातु ओळखावा, अर्थाचा तर्क करावा आणि शेवटीं कोश उघडावा. तर्क हा वाटाड्या खरा, पण निवाडा कोशाचा.

पालकांसही आमची एक विनंती आहे. इंग्रजी येत नसलें तरी आपण मुलांस साहाय्य करूं शकतां. मुलानें 'अन्', 'इन्', 'डिस्' लागलेला एक शब्द सांगावा आणि आपण गैरहजर, बेइमान, नाउमेद, बिनचूक असा आपला एखादा शब्द त्यास जोडून द्यावा. अशा रीतीनें दोन्ही भाषा एकाच वेळीं पक्क्या होतील.