प्रेमात पडला, आणि पडतच गेला!

काळं हेल्मेट, काळा झगा आणि दमेकऱ्यासारखा तो घर्रघर्र श्वास. डार्थ वेडरला कोण ओळखत नाही? 'स्टार वॉर्स'चा एकही सिनेमा न पाहिलेल्यांनासुद्धा तो टी-शर्टवरून नाहीतर कॉफी मगवरून भेटलेला असतो. १९७७ साली तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा शंभर टक्के व्हिलन होता. हा बाबा असा झाला कसा, हे नीट सांगायला जॉर्ज लुकासला २००५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी १९ मे रोजी रिलीज झालेल्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मधलं उत्तर ऐकाल तर म्हणाल, काहीतरीच काय! सत्तेची हाव? थोडीशी. इगो? तो तर होताच. पण खरं कारण म्हणजे बायकोवरचं प्रेम.

तर वेडर होण्याआधी हा होता अनाकिन स्कायवॉकर. गुलामीत जन्मलेला पोरगा. नऊ वर्षांचा असताना जेडाय त्याला घेऊन गेले आणि आई मागे राहिली, गुलामच. दहा वर्षांनी त्याला आईची भयंकर स्वप्नं पडायला लागली. शोधत गेला, तर तिनं त्याच्याच हातांत प्राण सोडला. त्या रागात त्यानं तिला पळवणारी अख्खी वस्ती कापून काढली, बायकापोरांसकट. हे सगळं 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये, २००२ साली. म्हणजे पुढच्या सिनेमात बायको पद्मे बाळंतपणात मरतेय असं स्वप्न पडतं, तेव्हा तो नुसता घाबरत नाही. स्वप्नं खरी होतात, हे त्याला पुराव्यानिशी माहीत असतं.

आता सांगायचं कुणाला? जेडायना लग्नाची बंदी. प्रेम, माया ठीक आहे, पण कुणात अडकायचं नाही, हा तिथला फंडा. त्यामुळे लग्न गुपचूप केलेलं. बिचारा योडाकडे जातो, पण नाव न घेता, मोघम काहीतरी विचारतो. योडाचा सल्ला साधारण असा, की जे गमावायची भीती वाटते ते सोडून द्यायला शीक. तत्त्वज्ञान म्हणून भारी आहे हो. पण ज्याची बायको गरोदर आहे आणि ज्याला रात्र रात्र झोप नाही, त्याच्या हातात हे ठेवून काय उपयोग?

ऑपेरातली गोष्ट

मग एंट्री होते चॅन्सेलर पॅल्पटाइनची. माझ्या मते सगळ्या 'स्टार वॉर्स'मधला बेस्ट सीन हाच. ना तलवारी, ना स्फोट. ऑपेरा चाललाय आणि दोघं शेजारी बसून हळू आवाजात बोलतायत. पॅल्पटाइन एक गोष्ट सांगतो. कुणी एक डार्थ प्लेगस होता, सिथ पंथातला. त्याला अशी विद्या अवगत होती, की आपल्या माणसांना तो मरू देत नसे. आणि हो, जेडाय ही विद्या शिकवणार नाहीत. इयान मॅकडायर्मिडनं हा सीन इतका सावकाश केलाय, की गळ कधी टाकला आणि मासा कधी लागला, कळतच नाही.

आपल्याला ही विद्या ओळखीची वाटते, कारण आपल्याकडे तिला संजीवनी म्हणतात. देवयानीनं हट्ट धरला म्हणून शुक्राचार्यांनी कचाला तीन तीन वेळा जिवंत केलं. पण शुक्राचार्यांकडे ती विद्या खरोखर होती! पॅल्पटाइनचा माल बघा. अनाकिन त्याला वाचवायला मेस विंडू या ज्येष्ठ जेडायचा हात छाटतो, गुडघे टेकून त्याला गुरू मानतो, आणि त्यानंतर हा म्हातारा सांगतो की ते रहस्य एकालाच साधलं होतं, आपण दोघं मिळून शोधून काढू. म्हणजे पेमेंट आधी घेतलं आणि स्टॉकच नाही! तरीही अनाकिन उठतो आणि जेडाय मंदिरात जाऊन लहान मुलांवर तलवार चालवतो. परत फिरायचं तर आत्ता जे केलं ते फुकट गेलं, असं कबूल करावं लागलं असतं.

तुझ्याच भल्यासाठी

गंमत म्हणजे, सुरुवातीच्या आराखड्यात त्याच्या घसरणीला बरीच कारणं होती. जेडाय सत्ता बळकावू पाहतायत ही शंका, वगैरे. एडिटिंगच्या वेळी लुकासनं पद्मेला वाचवण्याचा धागा पुढे आणला आणि त्यासाठी २००४ मध्ये काही सीन नव्यानं शूट केले. हे बरंच झालं, नाहीतर हा राजकारणाचा आणखी एक सिनेमा झाला असता.

मात्र या सगळ्यात पद्मेला काय हवंय, हे तो विचारतच नाही. स्वप्नाचं सांगितल्यावर ती साधा प्रश्न करते, ओबी-वानची मदत घेऊया का? तो उडवून लावतो. तिला वाचवायचं ते त्यानंच. शेवटी ती मुस्ताफारला येते, ते विनवणी करायला, की सगळं सोड आणि चल माझ्याबरोबर. तो मात्र आपण दोघं मिळून गॅलेक्सीवर राज्य करू म्हणतो. तेवढ्यात तिच्या यानातून ओबी-वान उतरतो. हिनंच त्याला आणलं, असं समजून तो तिचा गळा आवळतो. हातही न लावता. 'तुझ्याच भल्यासाठी करतोय' हे पालुपद ज्यांनी रिलेशनशिपमध्ये ऐकलंय, त्यांना इथे लाव्हा आणि लाइटसेबर दिसणारच नाहीत.

हेडन क्रिस्टेन्सनच्या अ‍ॅक्टिंगची तेव्हा जाम टर उडाली. २००२ आणि २००५, दोन्ही सिनेमांसाठी त्याला रॅझी मिळालं. डायलॉग लाकडी आहेत, मान्य. पण न झोपलेल्या माणसाचे डोळे त्यानं बरोबर दाखवलेत. हे सिनेमे बघत मोठी झालेली मुलं त्याच्यावर फिदा आहेत, आणि २०२२च्या 'ओबी-वान केनोबी' मालिकेत तो पुन्हा वेडर झाला.

पद्मे जुळ्यांना जन्म देऊन जाते. शरीरानं ती ठणठणीत होती, जगायची इच्छाच उरली नव्हती, असं तिथला रोबो डॉक्टर सांगतो. जळून कोळसा झालेला वेडर शुद्धीवर येताच पहिल्यांदा तिचीच चौकशी करतो. तूच तिला मारलंस, असं पॅल्पटाइन शांतपणे सांगतो.

या माणसाचा शेवट मात्र १९८३च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्येच दाखवून झाला होता. तिथे पॅल्पटाइन ल्यूकला मारायला निघतो आणि वेडर त्यालाच उचलून खोल खाली फेकतो. स्वतःही पार कोसळतो. मग ल्यूकला म्हणतो, हे हेल्मेट काढ, तुला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. काढलं तर तुम्ही मराल, पोरगा घाबरून म्हणतो. आता ते टळत नाही, असं वेडर सांगतो, आणि ल्यूक हेल्मेट काढतो.