पैसे न कापता पेमेंटची चाचणी

क्यूआर कोड स्कॅन केला की क्षणात पैसे जातात. अशा ॲपची चाचणी वारंवार होते. मग दर वेळी कुणाचे तरी खरे पैसे कापले जातात का?

नाही. बँकेशी बोलणाऱ्या भागाच्या जागी चाचणीपुरता एक नकली भाग बसवतात: मॉक ऑब्जेक्ट. तालमीला मुख्य नट आला नाही, तर दुसरा कुणी त्याची वाक्यं म्हणतो, तसा. तो ठरवून दिलेलं उत्तर देतो: ‘पैसे जमा’, ‘शिल्लक अपुरी’, किंवा नुसती शांतता. ही शांतता फार मोलाची, कारण खऱ्या बँकेचा सर्व्हर आपल्याला हवा तेव्हा बंद पाडता येत नाही. शिवाय नकली भाग नोंदही ठेवतो. ॲपने एकाच खरेदीचे पैसे दोनदा मागितले, की चाचणी नापास!

ही अदलाबदल होते कशी? बँकेचा भाग ॲप स्वतः तयार करत नाही, ‘फॅक्टरी’कडे मागतं. रोजच्या वापरात फॅक्टरी खरा भाग देते, चाचणीत नकली. दोघांना सूचना द्यायची पद्धत एकच, त्यामुळे ॲपचा बाकी कोड तसाच राहतो. एरिक गामा आणि तीन सहकाऱ्यांच्या 1994च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ पुस्तकामुळे फॅक्टरीची ही रीत सर्वदूर पोचली.

मात्र बँकेने उत्तरांची पद्धत बदलली, तर नकली भागही लगेच बदलावा लागतो. नाहीतर चाचण्या पास होतात आणि ॲप दुकानात अडतं.