पित्ताशयाला नळी लावून घरी आल्यावर

पोटात उजवीकडे बरगडीखाली सतत दुखते, ताप येतो, उलट्या होतात. पुष्कळदा पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकलेला असतो. नेहमीचा उपाय म्हणजे ऑपरेशन करून पित्ताशय काढणे. पण माणूस फार थकलेला असेल, हृदयविकार असेल, तर पूर्ण भूल देणे धोक्याचे ठरते. मग सोनोग्राफीत बघून, तेवढीच जागा बधिर करून, पित्ताशयात बारीक नळी घालतात. तुंबलेले पित्त बाहेरच्या पिशवीत उतरते आणि रुग्णाला आराम पडतो.

आराम पडला की घरचे निर्धास्त होतात. पण खडे आतच असतात, आणि नळीचेही काही त्रास असतात. नळी तुंबणे किंवा सरकणे हे नेहमीचे. क्वचित होणारे त्रास मात्र लवकर ध्यानात येत नाहीत, म्हणून ते आज सांगतो.

पित्त पोटात झिरपले, तर सगळे पोट दुखते, कडक होते. नळी बहुधा यकृतातून जाते, त्यामुळे कधी रक्तस्राव होतो; पिशवीत रक्त दिसते किंवा शौच डांबरासारखी काळी होते. नळीची वाट छातीच्या पडद्याजवळून जाते, म्हणून दम लागला, श्वास घेताना छातीत दुखले, तर तो सर्दी-खोकला समजू नका. पित्त फारच वाहून गेले, तर अंगातले पाणी आणि क्षार कमी होतात. चक्कर येते, लघवी कमी होते.

यांतले काहीही दिसले, थंडी वाजून ताप आला, किंवा पित्त येणे अचानक थांबले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दम, रक्त किंवा कडक पोट असेल तर 108 ला फोन करा. नळी निघून आली, तर परत आत ढकलू नका. स्वच्छ कापड ठेवून लगेच निघा.

गटाच्या हिशोबासारखी एक वही घाला: तारीख, पिशवीतले माप, रंग, ताप. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

बरे वाटले म्हणून नळी घाईने काढून घेऊ नका. तिच्याभोवती पक्की वाट तयार व्हायला काही आठवडे लागतात. आधी काढली तर पित्त पोटात सांडू शकते. आणि ऑपरेशनची तारीख विचारल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका.

आपल्या बायका दुखणे अंगावर काढतात. गटात कुणाला नळी असेल, तर रोज एकीने जाऊन वही बघावी, एवढे आपण नक्की करू शकतो.