चावडीवर मांडलेले पाण्याचे शास्त्र

शेतजमिनीच्या फेरफाराची नोंद गावदप्तरी कशी होते, हे प्रत्येक खातेदारास ठाऊक आहे. नोंद घेतली जाते, तिची प्रत चावडीवर लावली जाते, संबंधितांना नोटीस पोहोचते. कोणाची हरकत आल्यास ती तक्रारी नोंदवहीत चढते, चौकशी होते, आणि मगच नोंद प्रमाणित केली जाते. जी नोंद चारचौघांसमक्ष पारखली गेली, तिच्यावर गावाचा विश्वास बसतो. पाण्यासंबंधीचे संशोधनही अशाच उघड रीतीने पारखले जाऊ लागले आहे. ही पद्धत ग्राम-कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण पाण्याचे जे आकडे आपल्या कानांवर येतात, त्यांचा उगम पुष्कळदा अशा संशोधनात असतो.

जुनी रीत व नवी रीत

शास्त्रज्ञाने लिहिलेला लेख नियतकालिकाकडे आला, की संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे तपासणीसाठी धाडतो. जुन्या रीतीत या तज्ज्ञांनी कोणते दोष काढले व लेखकाने त्यांचे निरसन कसे केले, हे वाचकास कधीच कळत नाही. छापलेला लेखही वर्गणी भरणाऱ्या संस्थांच्या ग्रंथालयातच राहतो. अनेक नियतकालिकांत आजही हीच रीत चालू आहे.

‘हायड्रॉलॉजी अँड अर्थ सिस्टिम सायन्सेस’ हे जलविज्ञानाचे नियतकालिक १९९७ साली युरोपात सुरू झाले. युरोपियन जिओसायन्सेस युनियन या संस्थेचे हे नियतकालिक जर्मनीतील कोपर्निकस ही प्रकाशनसंस्था प्रसिद्ध करते. २००४ पासून त्याने आपली दारे उघडली. प्राथमिक पाहणीनंतर लेखाचा मसुदा सर्वांस वाचता येईल असा मांडला जातो. नेमलेले परीक्षक आपली मते तेथेच जाहीर करतात. स्वतःचे नाव द्यावे की न द्यावे, हे त्यांच्या इच्छेवर असते. इतर अभ्यासकांनाही स्वतःच्या नावानिशी हरकत नोंदविता येते. लेखकास सर्वांसमक्ष उत्तर द्यावे लागते. त्यानंतर संपादक लेख स्वीकारतो अथवा नाकारतो. मसुदा, हरकती व उत्तरे कायमची जतन केली जातात. वाचकास एक पैही द्यावी लागत नाही. प्रकाशनाचा खर्च सामान्यतः लेखक किंवा त्याची संस्था सोसते. मूळ लेखकाचे नाव नमूद केल्यास लेखाचे भाषांतर करून तो वाटण्यासही मुभा असते.

ऊस आणि कडधान्य : एक बोलके उदाहरण

नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील मेकोनेन व हूक्स्ट्रा या संशोधकांचा पिकांच्या पाणीवापरावरील लेख याच नियतकालिकात २०११ साली प्रथम मसुदा म्हणून व नंतर अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात १९९६ ते २००५ या काळातील १२६ पिकांचा हिशोब आहे. जगाची सरासरी घेता, एक टन उत्पादनामागे ऊस व बीट या साखरेच्या पिकांना सुमारे २०० घनमीटर, तर कडधान्यांना सुमारे ४,००० घनमीटर पाणी लागते, असे त्यात आढळते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर.

एवढाच आकडा कानी पडला, तर तुरीपेक्षा ऊस वीसपट कमी पाणी पितो, असा समज होईल, आणि त्या समजावर विसंबून कोरडवाहू भागातील शेतकरी विहीर उपसून बसेल. परंतु लेख सर्वांस खुला असल्याने आपणांस त्यातील तक्ताही पाहता येतो. तेथे पाण्याचे तीन वाटे केले आहेत : जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी, विहीर-कालव्यांचे पाणी, आणि वाहून गेलेल्या खताचे प्रदूषण सौम्य करण्यास लागणारे पाणी. विहीर-कालव्यांचे पाणी साखरेच्या पिकांस टनामागे ५२ घनमीटर, तर कडधान्यांस १४१ घनमीटर आहे. कडधान्यांचे उरलेले बहुतेक पाणी पावसाचेच आहे.

आता टनाऐवजी एकराचा हिशोब करू. एकरी ४० टन ऊस धरल्यास विहीर-कालव्याचे पाणी २,०८० घनमीटर होते. एकरी तीन क्विंटल तूर धरल्यास ते अवघे ४२ घनमीटर भरते. हे आकडे जागतिक सरासरीवरून काढलेले आहेत. आपल्या अवर्षणप्रवण भागात ऊस मुख्यतः ओलितावरच उभा राहत असल्याने त्याची विहिरीवरील मागणी याहूनही मोठी असते. आकडा तोच, परंतु तो कशाचा आहे हे पाहताच निष्कर्ष उलटला.

आकडा हाती आल्यावर काय पाहावे

१. लेख अद्याप मसुदा आहे की स्वीकारलेला आहे? नाकारलेला मसुदाही वाचावयास मिळतो. म्हणून ही खात्री प्रथम करावी.

२. माप टनाचे आहे की एकराचे? पाणी पावसाचे आहे की विहिरीचे?

३. आकडा शेतात मोजलेला आहे की गणिताने काढलेला? वरील लेखातील आकडे हवामान, माती व पीक यांच्या माहितीवरून गणिताने काढलेले आहेत. आपल्या शिवारातील मोजमापाची जागा ते घेऊ शकत नाहीत.

४. परीक्षकांनी कोणत्या हरकती घेतल्या व त्यांना काय उत्तर मिळाले?

हे लेख इंग्रजीत असतात, ही अडचण खरी आहे. परंतु भाषांतरास मुभा असल्याने शिकलेल्या तरुणांनी व ग्राम-कार्यकर्त्यांनी कृषि विद्यापीठातील तज्ज्ञांचे साह्य घेऊन उपयुक्त भाग मराठीत आणावा व ग्रामसभेत वाचून दाखवावा. उघड तपासणी झाली म्हणून प्रत्येक लेख निर्दोष ठरतो असे नव्हे. मात्र दोष कोठे असू शकेल, हे शोधण्याचा मार्ग सर्वांस मोकळा होतो.

विहिरीतील पाणी किती खोल गेले, हे आपण दोर सोडून पाहतो. कोणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. पाण्याच्या आकड्यासही तोच न्याय लावावा, आणि मगच पुढील हंगामाचे पीक ठरवावे.