पाचपैकी एक जागा

विकत घेतलेला चित्रपट किंवा श्राव्य पुस्तक संगणकावर उतरवले, म्हणजे ते लगेच चालू होईल असे नसते. फाइल कोणत्या खात्यावर घेतली त्याची खूण तिच्या आतच असते आणि समोरच्या संगणकाला त्या खात्याने परवानगी दिली आहे का, हे वाजवणारे सॉफ्टवेअर आधी तपासते. ही परवानगी देण्याच्या क्रियेला ‘ऑथराइझ करणे’ म्हणतात. मराठी घरांतही शब्द तोच रुळला आहे. फाइल उघडली नाही की पहिला प्रश्न येतो, “ऑथराइझ केला होता का?”

चिपळूणहून कऱ्हाडकडे जाताना, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचे वीजगृह इथे डोंगराच्या पोटात आहे. पहिले जनित्र १९६२ साली सुरू झाले आणि आज दोन्ही टप्प्यांची मिळून आठ जनित्रे ६०० मेगावॉट क्षमतेची आहेत. अशा संरक्षित जागी आत जायचे तर परवानगी लागते आणि आत गेलेल्याची नोंद होते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. संगणकाच्या परवानगीचे कामही तसेच चालते. फाटकावरची वही मात्र विक्रेत्याच्या सर्व्हरवर असते आणि बाहेर पडताना नाव खोडायचे काम आत गेलेल्यानेच करायचे असते. बहुतेक अडचणी या दुसऱ्या अर्ध्या भागातून येतात.

ॲपलचे आयट्यून्स स्टोअर २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत सुरू झाले. तेव्हा एका खात्यावर तीन संगणकांना परवानगी मिळत असे. वर्षभरातच ती संख्या पाच झाली आणि आजही पाचच आहे. भारतात हे दुकान उघडले डिसेंबर २०१२ मध्ये. मधल्या काळात एक मोठा बदल होऊन गेला होता. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने गाण्यांवरचे कुलूप काढण्याची घोषणा केली. त्यामुळे भारतातल्या खात्यावर घेतलेले गाणे कोणत्याही संगणकावर परवानगीविना वाजते. परवानगी लागते ती चित्रपटांना, मालिकांना आणि श्राव्य पुस्तकांना. अमेरिकेत राहून आलेल्या नातलगाच्या हार्डडिस्कमध्ये २००९ पूर्वीची गाणी असतील, तर ती कुलूपबंद असण्याची शक्यता मोठी. फाइलच्या नावाचा शेवट पाहिला की उलगडा होतो: ‘एम४ए’ असेल तर गाणे मोकळे, ‘एम४पी’ असेल तर बंद. एकाच अल्बममधली चार गाणी वाजतात आणि पाचवे पासवर्ड मागते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

प्रत्यक्ष कृती दोन मिनिटांची आहे, तयारीला मात्र वेळ लागतो. विंडोजच्या संगणकावर आयट्यून्स उघडायचे, वरची मेनूपट्टी दिसत नसेल तर कंट्रोल आणि बी ही बटणे एकत्र दाबायची. ‘अकाउंट’ मेनूत ‘ऑथरायझेशन्स’ आणि त्यात ‘ऑथराइझ धिस कॉम्प्युटर’. खात्याचा पासवर्ड टाकला की पडद्यावर छोटी चौकट येते आणि पाचपैकी किती जागा भरल्या ते सांगते. ही चौकट पुष्कळ लोक न वाचताच बंद करतात. खरे तर ती वाचून आकडा वहीत टिपून ठेवावा, इतकी ती महत्त्वाची आहे.

या दोन मिनिटांपुरते नेट हवे आणि संगणकाची तारीख बरोबर हवी. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सेल उतरला की वीज जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात, त्यामुळे सर्व्हर अशा संगणकाशी बोलतच नाही. पडद्यावर मात्र ‘स्टोअरशी संपर्क होऊ शकत नाही’ एवढेच दिसते आणि दोष बिचाऱ्या नेटच्या माथी जातो. काही रुपयांचा सेल बदलून किंवा तारीख हाताने नीट करून काम होते. तिसरी गरज म्हणजे सहा आकडी कोड. तो खातेधारकाच्या फोनवर किंवा दुसऱ्या उपकरणावर येतो. खाते मुंबईतल्या मुलाचे आणि संगणक पोफळीच्या घरात असेल, तर एका हातात फोन धरून तिकडून वाचलेला एकेक आकडा इकडे टाकावा लागतो. डोंगराच्या कुशीत रेंज दर वेळी साथ देतेच असे नाही, म्हणून हे काम पाऊस नसताना आणि घरात दोन माणसे असताना करावे.

एकदा परवानगी मिळाली आणि फाइल डिस्कवर पूर्ण उतरली की पुढे नेटची गरज उरत नाही. घाटाच्या पायथ्याच्या गावात याचे मोल फार आहे. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो. तार तुटली, टॉवर बंद पडला की प्रवाही सेवांवरची गाणी आणि चित्रपट थांबतात. डिस्कवरची परवानगी असलेली फाइल तेव्हाही चालते. यूपीएस किंवा लॅपटॉपच्या बॅटरीत दम असला म्हणजे झाले.

परवानगी देताना आत काय घडते ते समजले तर पुढच्या चुका टळतात. फाइलमधले चित्र आणि आवाज एका किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. ती किल्ली फाइलसोबतच येते, पण तीही दुसऱ्या, खात्याच्या किल्लीने बंद केलेली असते. ऑथराइझ करताना आयट्यून्स संगणकाच्या अंगच्या खुणा गोळा करते: प्रोसेसरचे नाव, बायोसची आवृत्ती, सी ड्राइव्हचा क्रमांक, विंडोजचा प्रॉडक्ट आयडी. त्यांतून त्या यंत्राची एक ओळख तयार होऊन सर्व्हरकडे जाते. सर्व्हर वहीत नाव लिहितो आणि खात्याच्या किल्ल्या पाठवतो. त्या संगणकात लपवून ठेवल्या जातात, आणि त्याही अशा बांधलेल्या असतात की त्याच यंत्रावर उपयोगी पडाव्यात. म्हणून नुसती फाइल पेनड्राइव्हवर घालून शेजारच्या घरी नेली तर तिथे उघडत नाही. किल्ली घरीच राहिलेली असते.

फॉरमॅट मारला की काय होते ते यावरून कळते. डिस्क नव्याने घडवली, विंडोज पुन्हा टाकले की सी ड्राइव्हचा क्रमांक बदलतो, किल्ल्या पुसल्या जातात. माणसाच्या दृष्टीने संगणक तोच, टेबल तेच, वरचे झाकणही तेच. सर्व्हरच्या दृष्टीने मात्र ते नवे यंत्र आहे. पुन्हा ऑथराइझ केले की दुसरी जागा भरते आणि पहिली जागा, आता अस्तित्वात नसलेल्या यंत्राच्या नावावर, तशीच अडून राहते. हार्डडिस्क किंवा रॅम बदलतानाही हे होऊ शकते, म्हणून त्याआधी परवानगी काढून घ्या असे ॲपलच सांगते. कोकणातल्या दमट हवेत डिस्क आणि रॅम खराब होणे, विजेच्या धक्क्याने पॉवर सप्लाय जाणे हे पावसाळ्यातले नेहमीचे दुखणे आहे. चार पावसाळ्यांत चार दुरुस्त्या झाल्या तर एकच संगणक पाचही जागा खाऊन बसू शकतो. दुरुस्तीला देताना ‘डाटा वाचवा’ असे सगळे आठवणीने सांगतात. परवानगी काढण्याची आठवण क्वचितच कोणाला होते. चांगल्या दुरुस्तीवाल्याने यंत्र टेबलावर घेतल्या घेतल्या हा प्रश्न विचारायला हवा.

यंत्र चालूच होत नसेल तर? २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाण्यात बुडालेल्या संगणकाची परवानगी त्याच्यावर बसून काढता येत नाही. त्यासाठी खात्याच्या माहितीच्या पानावर ‘डीऑथराइझ ऑल’ असा मार्ग आहे. तो सगळ्याच जागा एकदम मोकळ्या करतो आणि वर्षातून एकदाच वापरता येतो. त्यानंतर जे संगणक जिवंत आहेत त्यांना एकेक करून नव्याने परवानगी द्यायची. म्हणून तो किरकोळ कारणाला खर्चू नये. भर पावसाळ्यात तर राखूनच ठेवावा.

गणपतीला घरी आलेला चाकरमानी हा या विषयातला आणखी एक घटक. चार दिवसांच्या मुक्कामात तो घरच्या संगणकावर आपले खाते घालतो, आईवडिलांना दोन चित्रपट उतरवून देतो आणि परत जातो. एका संगणकाला अनेक खात्यांची परवानगी असू शकते, त्यामुळे धाकट्या भावाचे खातेही तिथेच बसते. यात गैर काही नाही, पण दोघांचीही एकेक जागा गावच्या संगणकात गुंतते. पुढे दोन-तीन वर्षांनी मुंबईत नवा लॅपटॉप घेतल्यावर ‘पाच संगणक पूर्ण झाले’ असा नकार येतो, तेव्हा गावच्या टेबलाखालचा संगणक कोणाच्या लक्षातही नसतो. भाऊ परदेशात असेल तर अडचण वेगळी असते. खाते ज्या देशाचे, दुकान त्या देशाचे. देश बदलला की आधी घेतलेल्या वस्तू पुन्हा उतरवता येतीलच याची खात्री नसते, आणि कुटुंबात सहा जणांपर्यंत वाटून घेण्याच्या सोयीलाही सर्वांची खाती एकाच देशाची लागतात.

परवानगी पडद्यालाही लागते, हे अनेकांना सभागृहात उभे राहिल्यावरच कळते. लॅपटॉपवर छान चाललेला चित्रपट जुन्या प्रोजेक्टरला जोडला की थांबतो आणि जोडलेल्या पडद्याला संरक्षित चित्रपट दाखवण्याची परवानगी नाही, असा संदेश येतो. केबलमधून जाणाऱ्या चित्राचेही कूटलेखन होते; ते उलगडणारी व्यवस्था पडद्यात असावी लागते, आणि जुन्या निळ्या व्हीजीए केबलमधून ते शक्यच नसते. एचडीएमआयचा नवा टीव्ही घरी यासाठी पुरतो. सभागृहात शे-दोनशे लोकांना दाखवायचे तर वेगळा, सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. घरासाठी घेतलेल्या प्रतीत तो येत नाही.

पुस्तकांचा कारभार थोडा निराळा आहे. ॲडोबी डिजिटल एडिशन्स वापरणाऱ्या दुकानातून ई-पुस्तक घेतले की आधी हाती येते ती ‘एसीएसएम’ नावाची काही केबीची चिठ्ठी. ती उघडल्यावर सॉफ्टवेअर खरे पुस्तक उतरवून घेते आणि ॲडोबीच्या खात्याशी बांधते. इथे मर्यादा सहा संगणकांची. खाते न काढताही पुढे जाण्याची सोय चौकटीत दिलेली असते आणि घाईत तीच निवडली जाते, पण मग ती पुस्तके त्याच एका संगणकात अडकतात. दोन मिनिटे खर्चून खाते काढणेच शहाणपणाचे. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. तिथे ‘ऑथराइझ’ हा शब्द दिसत नाही. उपकरण खात्याशी नोंदवायचे असते, काम तेच. पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीने वाचकयंत्रात घालण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने बंद केली.

सारी भिस्त सर्व्हरवरच्या वहीवर असल्यामुळे वही बंद पडली तर काय, हा प्रश्न उरतोच. २००८ साली याहूने आपले संगीत दुकान बंद केले तेव्हा परवानग्या देणारे सर्व्हरही थांबणार होते, आणि त्यानंतर नव्या संगणकावर ती गाणी नेता येणार नव्हती. मायक्रोसॉफ्टचे ई-पुस्तकांचे दुकान एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. जुलैत पुस्तके वाचकांच्या यंत्रांतून गेली आणि पैसे परत मिळाले. भारतातले उदाहरण वेगळे निघाले. फ्लिपकार्टचे ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान २०१२ मध्ये उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद झाले, पण तिथली गाणी कुलूप नसलेली एमपी३ होती. ज्यांनी ती उतरवून ठेवली त्यांच्याकडे ती आजही वाजतात. यातला फरक ग्राहकाला विकत घेण्याच्या क्षणीच स्पष्ट सांगितला गेला पाहिजे. पावतीवर तो सहसा दिसत नाही. कुलूप तोडणे हा मार्ग धोक्याचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण चुकवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

संगणक विकताना, कोणाला देताना किंवा दुरुस्तीला पाठवताना परवानगी परत घ्यायची असते. मेनू तोच, फक्त ‘डीऑथराइझ धिस कॉम्प्युटर’ निवडायचे. घरातल्या प्रत्येक खात्यासाठी हे वेगळे करावे लागते आणि त्याही वेळी नेट हवे, कारण नाव सर्व्हरवरच्या वहीतून खोडायचे असते. संदेश आल्यावर किल्ल्या यंत्रातून जातात. फाइली मात्र डिस्कवर तशाच राहतात, नाव, चित्र, लांबी सगळ्यासकट. त्यांतल्या एखाद्या चित्रपटावर दोनदा क्लिक केले की पासवर्ड मागणारी चौकट पुन्हा उघडते.